पेल्यातला पंक्तिप्रपंच

मराठी मध्यमवर्गीय घरात पाहुण्यापुढे मद्याचा पेला ठेवणे ही दोनतीन पिढ्यांपूर्वी उघडपणे बोलण्याची गोष्ट नव्हती. जेथे ती घडत असे तेथे आतल्या खोलीत, वडीलधाऱ्यांच्या नजरेआड घडत असे. बाटली कपाटात कपड्यांमागे राही, आणि पेला पाणी पिण्याचाच असे. आज शहरांतील पुष्कळ घरांतून हा आडपडदा गेला आहे. एवढेच नव्हे, तर बाटली उघडून तीत सोडा मिसळणे हेही आता आतिथ्याला अपुरे मानले जाते. यजमानाने कॉकटेल घरीच सिद्ध करावे, पेल्याच्या काठाला मीठ-तिखटाची किनार असावी, आत दोन रंगांचे थर दिसावेत, वर पुदिन्याचा तुरा आणि तळाशी स्फटिकासारखा बर्फ असावा, आणि तबक बाहेर येताच बैठकीतून कौतुकाचे उद्गार निघावेत, अशी अपेक्षा रूढ होऊ लागली आहे.

या नव्या हौसेवर टीका करणारे दोन पक्ष आहेत. पहिल्याच्या मते मद्य हेच मुळात त्याज्य असल्यामुळे त्याची सजावट म्हणजे दुर्गुणाला चढविलेला साज होय. दुसऱ्या पक्षाला मद्याचे वावडे नाही. त्याला खटकतो तो दिखाऊपणा. चार मित्र जमले असता पेल्यात फुले कशाला तरंगावयास हवीत, असा त्याचा सवाल असतो. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. तथापि पाहुण्यापुढे ठेवावयाची वस्तू देखणी असावी ही इच्छा काही कॉकटेलबरोबर परदेशातून आलेली नाही. ताटाभोवती रांगोळी आणि महिरप काढणाऱ्या, श्रीखंडावर केशर-चारोळी पेरणाऱ्या समाजाने केवळ सजावटीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. ही सजावट कोणासाठी केली जाते, तिची किंमत कोण मोजतो आणि तिच्यातून कोण वगळला जातो, हे प्रश्न विचारणे अधिक उपयुक्त ठरेल. ते अर्थशास्त्राचे प्रश्न आहेत, आणि शिष्टाचाराचेही.

पंचपात्र ते पेला

अनेक घटक मिसळून पाहुण्यांसाठी पेय करण्याच्या प्रथेचा एक धागा आपल्याच किनाऱ्याशी जुळलेला आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर हा सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात पश्चिम हिंदुस्थानात वावरत होता. १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याने गोव्यातील नेरूळ येथे तयार होणाऱ्या उत्तम अरकाचा उल्लेख केला आहे, आणि त्या अरकापासून इंग्रज लोक 'पंच' नावाचे पेय करतात असे सांगितले आहे. पाच घटकांचे म्हणून पंच, अशी व्युत्पत्ती त्याने दिली. भाषाकोविदांत तिच्याविषयी मतभेद आहेत. परंतु अरक, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला हे पाच घटक परंपरेने सांगितले जातात, आणि त्यांपैकी एकही कोकण-गोव्याला परका नाही.

पंच हे एका मोठ्या पात्रात केले जाई. ते पात्र चांदीचे वा चिनी मातीचे असे, त्यावर नक्षी असे, आणि ते मेजाच्या मध्यभागी ठेवले जाई. शोभा असे ती त्या पात्राची, आणि त्यातून प्रत्येकाच्या वाट्याला सारखेच पेय येत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अमेरिकेत हे चित्र पालटत गेले. न्यू यॉर्क राज्यातील हडसन येथील एका वृत्तपत्राने १८०६ मध्ये, मद्य, साखर, पाणी आणि कडवट अर्क यांचे मिश्रण म्हणजे कॉकटेल, अशी व्याख्या छापली. १८६२ मध्ये जेरी थॉमस या मद्यशाळेतील कारागिराने मिश्रपेयांच्या कृतींचे पुस्तक प्रसिद्ध केले. पेटलेली व्हिस्की एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात निळ्या ज्योतीसह ओतून दाखविण्याबद्दल त्याची ख्याती होती. पेय आता एकेकट्या गिऱ्हाइकासाठी बनू लागले, आणि ते बनविणे हा पाहण्याचा खेळ झाला. पुढे १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. तेव्हा चोरट्या गुत्त्यांबरोबर खाजगी दिवाणखान्यांतही मद्याच्या बैठकी होऊ लागल्या, आणि बंदी उठल्यानंतर मिश्रणाचे चकचकीत धातुपात्र हे सुखवस्तू घराचे एक भूषण मानले गेले. सामायिक पात्राची शोभा याप्रमाणे एकेका पेल्यात विभागली गेली. सजावट वैयक्तिक झाली की तुलनाही वैयक्तिक होते; कोणाचा पेला कसा, हे मग डोळ्यांत भरू लागते.

बर्फाचा धडा

या तुलनेचे अर्थशास्त्र समजावून घ्यावयाचे तर बर्फाचा इतिहास पाहावा. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून उष्ण देशांत विकण्याचा उद्योग १८०६ मध्ये मार्टिनिक बेटापासून सुरू केला, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढले होते. १८३३ मध्ये त्याचे 'टस्कनी' हे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्यास निघाले, आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतरही त्यातील सुमारे १०० टन शिल्लक होता. लवकरच मुंबईलाही हा बर्फ येऊ लागला. जमशेटजी जीजीभॉय यांच्या घरच्या मेजवानीत आइसक्रीम वाढले गेले आणि यजमानासह पाहुण्यांना सर्दी झाली, ही हकीकत त्याच काळातील म्हणून सांगितली जाते. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर या बर्फासाठी बांधलेले कोठार अद्याप उभे आहे. स्वामी विवेकानंद १८९७ मध्ये तेथे राहिल्यामुळे ते आता त्यांच्या नावाने ओळखले जाते.

त्या काळी पेल्यात बर्फाचा खडा असणे हीच श्रीमंतीची खूण होती. लंडनमध्ये अमेरिकन बर्फ विकणाऱ्या एका कंपनीने स्ट्रँड रस्त्यावरील आपल्या दुकानाच्या खिडकीत बर्फाची मोठी लादी मांडली होती. ती इतकी पारदर्शक होती की पलीकडचे छापील अक्षर तिच्यातून वाचता येई, आणि ते पाहण्यास लोक गर्दी करीत. पुढे यंत्राने बर्फ होऊ लागला, तो स्वस्त झाला, आणि कालांतराने शीतकपाट चाळीतल्या खोलीपर्यंत येऊन पोहोचले. बर्फाचा थंडावा तोच राहिला. त्याची प्रतिष्ठा मात्र वितळली. ज्या वस्तूची प्रतिष्ठा ती दुर्मिळ असण्यावर अवलंबून असते, ती वस्तू सर्वांना मिळू लागली की प्रतिष्ठा दुसरीकडे मुक्काम हलविते. आज साधा पांढरट बर्फ प्रत्येकाकडे आहे, म्हणून आरपार दिसणाऱ्या बर्फाच्या चौकोनी ठोकळ्याला मोल आले आहे, आणि शहरांतून तो विकतही मिळतो.

गंमत अशी की हा पारदर्शक बर्फ घरी करण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. बर्फाच्या साच्यातील पाणी चहूबाजूंनी गोठते. त्यामुळे त्यात विरघळलेली हवा आणि क्षार मध्यभागी अडकतात व खडा पांढुरका दिसतो. तळ्याचे पाणी वरून खाली, एकाच दिशेने गोठते, म्हणून तो बर्फ स्वच्छ असतो. थर्माकोलच्या जाड डब्यात पाणी भरून, झाकण न लावता, तो डबा शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला, की पाणी तळ्याप्रमाणेच वरून गोठू लागते. साधारण एका दिवसाने, तळाचे पाणी गोठण्यापूर्वी, तो बाहेर काढावा आणि खालचा गढूळ भाग टाकून द्यावा. वरचा बर्फ काचेसारखा निघतो. लंडनकरांनी गर्दी करून पाहिलेली नवलाई अशा रीतीने कोणाही शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घरी साध्य होते. तिच्यासाठी पैसा लागत नाही. थोडे पदार्थविज्ञान आणि बराच धीर लागतो.

साक्षीदार की पाहुणा?

पैशाने विकत घेतलेली शोभा आणि ज्ञानाने साधलेली शोभा, हा भेद येथे महत्त्वाचा आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये आपल्या ग्रंथात 'दिखाऊ उपभोगा'ची कल्पना मांडली. मेजवानीसंबंधी त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. यजमानाला स्वतःच्या संपत्तीचा सर्व उपभोग एकट्याने घेऊन दाखविता येत नाही. म्हणून तो इतरांना बोलावतो. पाहुणा यजमानाच्या वतीने उपभोग घेतो, आणि त्याच वेळी त्याच्या वैभवाचा साक्षीदारही होतो. ज्याच्याशी स्पर्धा करावयाची, त्यालाच घरी बोलावून स्पर्धेचे साधन बनविले जाते. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ फ्रेड हर्श यांनी १९७६ मध्ये याच विचाराला पुढची दिशा दिली. काही वस्तूंचे मोल इतरांकडे त्या नसण्यात असते. म्हणून अशा वस्तूंच्या मागे सारा समाज धावला तर सर्वांचा खर्च वाढतो आणि कोणाचेच समाधान वाढत नाही.

हे समजण्यास महाराष्ट्राला परदेशी ग्रंथांची वाट पाहण्याचे कारण नव्हते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे वाण घ्या. हलवा, तिळगूळ आणि शेतातील नवे धान्य यांवर भागणारी ही प्रथा वाट्या, डबे आणि शोभेच्या वस्तूंपर्यंत कशी चढत गेली हे घरोघर ठाऊक आहे. एका घरी वाटी लुटली की दुसऱ्या घरी डबा लुटावा लागतो, आणि ज्या घरच्या बाईला तो परवडत नाही ती पुढच्या वर्षी आमंत्रण देण्याचेच टाळते. रुखवताचेही तेच झाले. वधूच्या घरच्या स्त्रियांचे हातचे कसब दाखविणारी ती मांडणी होती. आता ते रुखवत तयार मिळते, भाड्यानेही मिळते. कौशल्याची जागा किमतीने घेतली की कौतुक करणारा पाहुणा हिशेब करू लागतो.

घरगुती कॉकटेलचे भवितव्यही याच दोन वाटांवर अवलंबून आहे. एका वाटेवर परदेशी पेले, सुवासिक धूर सोडणारे यंत्र, डबाबंद सरबते, आणि लेबल पाहुण्यांना दिसेल अशी ठेवलेली बाटली आहे. या वाटेने जाणाऱ्या घरी एकदा जाऊन आलेल्या मध्यमवर्गीय पाहुण्यापुढे परतफेडीचा प्रश्न उभा राहतो. पगार ठरलेला, महिनाअखेर ठरलेली, आणि आतिथ्याची पातळी मात्र दुसऱ्याने ठरविलेली. अशा वेळी तो कर्ज काढीत नसला तरी जाणे-येणे कमी करतो. स्नेह आटण्याचे हे कारण कोणत्याही पाहणीत नोंदले जात नाही. परंतु मध्यमवर्गाला ते चांगले परिचित आहे.

स्वयंपाकघरातील विज्ञान

दुसरी वाट स्वयंपाकघरातून जाते. पेल्यातील रंगांच्या थरांमागे घनतेचा साधा नियम आहे. साखरेचा पाक पाण्याहून जड, आणि मद्यार्क पाण्याहून हलका. त्याच्या एका मिलिलिटरचे वजन ०.७९ ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणून पाक तळाशी, फळाचा रस मध्ये आणि मद्य वर, असा क्रम ठेवून प्रत्येक थर चमच्याच्या पाठीवरून सावकाश सोडला, तर ते बराच वेळ एकमेकांत मिसळत नाहीत. महागड्या डाळिंबी सरबताऐवजी कोकमाचा दाट पाक तळाशी सोडला तरी तोच लालजांभळा पट्टा दिसतो, आणि चव अधिक चांगली लागते. कुंपणावरच्या गोकर्णीची निळी फुले गरम पाण्यात टाकली की पाणी निळे होते. त्यात लिंबू पिळताच ते जांभळे-गुलाबी होते. आम्लामुळे होणारा हा रंगबदल शाळेतल्या लिटमस कागदाचाच भाऊ आहे, आणि तो पाहुण्याच्या डोळ्यांदेखत घडविता येतो. अंड्याच्या पांढऱ्याने येणारा फेस शाकाहारी घरात नको असेल, तर छोले शिजविलेले दाटसर पाणी घुसळूनही तसाच फेस येतो. काठाला लिंबाची फोड फिरवून तो मीठ, जिरेपूड आणि तिखट यांच्या बशीत टेकविला की किनार तयार होते.

गोव्यातील लोकांनी ही साधी दृष्टी केव्हाच आत्मसात केली आहे. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्या उकळीला जो हलका उर्राक निघतो, तो उन्हाळ्यातच मिळतो. त्यात लिंबू, मीठ, थंड सोडा आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची घालतात. पारदर्शक पेयात उभी तरंगणारी ती मिरची कोणत्याही परदेशी पानाफुलांपेक्षा कमी शोभत नाही. फेणीला काजूच्या या मुलखात वर्षानुवर्षे गरिबाचे पेय म्हणून खालचे स्थान होते. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी पाहुण्यांसमोर फेणीची बाटली ठेवताना संकोचणारी आणि परदेशी लेबल मात्र पुढे करणारी घरे अजून आहेत. हा संकोच चवीतून आलेला नाही. लेबल हेच मूल्य मानण्याची ती सवय आहे.

येथे एक आर्थिक गंमत नमूद करावयास हवी. मानवी सेवनाचे मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे. त्यावर राज्ये स्वतंत्र कर बसवितात, आणि ते कर बरेच जड असतात. त्यामुळे पेल्यातील सर्वांत महाग घटक म्हणजे मद्य, आणि सर्वांत स्वस्त घटक म्हणजे त्याचे सौंदर्य. बर्फ, कोकम, लिंबू, पुदिना यांनी भरलेल्या उंच पेल्यात ३० मिलिलिटर मद्य पुरते, आणि ती एक मात्रा गप्पांच्या ओघात तासभर चालते. सजावट जाणतेपणाने केली तर ती मद्याला पर्याय ठरते. खर्च कमी करते आणि नशाही.

डोळे आणि माप

परंतु याच सौंदर्यात एक धोकाही दडलेला आहे. मिश्रण गोड आणि रंगीत असले की मद्याचा कडवटपणा लपतो, आणि आपण किती प्यालो हे पाहुण्याला समजत नाही. विक्रेत्याला वस्तूचा दोष ठाऊक असतो आणि गिऱ्हाइकाला नसतो, या विषमतेतून बाजार कसा बिघडतो हे जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले होते. दिवाणखान्यात बाजार नसतो. ती विषमता मात्र असते. पेल्यात काय आणि किती आहे हे फक्त यजमानाला ठाऊक असते, आणि पुष्कळदा त्यालाही नसते, कारण मद्य मापाने न ओतता हाताच्या अंदाजाने ओतले जाते. ४२.८ टक्के मद्यार्क असलेल्या पेयाच्या ३० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. सैल हाताने त्याचे ६० किंवा ९० मिलिलिटर केव्हा होतात हे रंगावरून ओळखता येत नाही. सजावटीच्या साहित्यात मापाचा पेला पहिला असावा, आणि तबक पुढे करताना यजमानाने आतील मद्याचे प्रमाण सांगावे. पदार्थात शेंगदाणे आहेत की नाहीत हे उपवासाच्या वा पथ्याच्या पाहुण्याला आपण सांगतोच. तेवढीच ही बाब साधी आहे.

नेत्रसुखाच्या हव्यासाने पाहुण्याच्या जिवावर बेतल्याची उदाहरणेही घडली आहेत. २०१२ मध्ये इंग्लंडमधील लँकेस्टर येथे द्रवरूप नायट्रोजन घातलेले धुरकट कॉकटेल प्याल्यामुळे एका तरुणीचे जठर शस्त्रक्रिया करून काढावे लागले. या द्रवाचे तापमान उणे १९६ अंश असते. मार्च २०२४ मध्ये गुरुग्राम येथील एका उपाहारगृहात मुखशुद्धी म्हणून शुष्क बर्फ दिला गेला, आणि पाहुण्यांना रक्ताच्या उलट्या होऊन रुग्णालयात दाखल करावे लागले. धूर दिसावा म्हणून ज्या वस्तू घरात आणावयाच्या त्यांचा धर्म ठाऊक नसेल तर त्या न आणलेल्याच बऱ्या. तांब्याच्या पेल्यांत लिंबाचे कॉकटेल देण्याच्या परदेशी टुमेचेही तसेच आहे. आंबट पेयात तांबे उतरते, म्हणून आतून दुसऱ्या धातूचे अस्तर असलेलेच पेले वापरावेत असा इशारा अमेरिकेत २०१७ मध्ये द्यावा लागला. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकते, हे मराठी गृहिणीला कोणी शिकवावे लागले नव्हते. फुलांच्या बाबतीतही हाच विवेक हवा. गुलाबाची पाकळी चालेल; कण्हेरीचे फूल कितीही सुंदर असले तरी ते विषारी आहे.

पंगतीचा न्याय

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हवे. सजावटीतून वगळला जातो तो कोण? बहुतेक बैठकींत उत्तर एकच असते: न पिणारा. पिणाऱ्यांसाठी नाजूक दांडीचे पेले, बर्फाचे स्फटिक आणि लिंबाच्या सालीचे वळसे. आणि जो पीत नाही त्याच्यापुढे बाटलीतले शीतपेय, तेही कोणत्याशा उरल्यासुरल्या ग्लासात. त्याला काही कमी दिले असे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु बैठकीत त्याचे स्थान कोणते, हे त्याच्या हातातील ग्लासाने सर्वांना सांगून टाकलेले असते. मराठीत या वागणुकीला नेमका शब्द आहे: पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत बसलेल्यांपैकी एकाच्या पानावर तुपाची धार आणि दुसऱ्याच्या पानाकडे पाठ, हा आपल्या आतिथ्यात मोठा दोष मानला गेला. अर्थात जुन्या पंगतीचा गौरव करताना सावध राहावयास हवे. पंगतीच्या आत समता पाळणाऱ्या समाजाने पंगतीत कोणाला बसू द्यावयाचे हे जातीवरून ठरविले होते. तरीही बसलेल्यांत भेद करू नये हा नियम चांगलाच होता, आणि तो सर्वांपर्यंत नेणे हीच त्या परंपरेची खरी सुधारणा होय.

न पिणाऱ्यांची कारणे अनेक असतात. कोणाला औषध चालू असते, कोणाला गाडी चालवून घरी जावयाचे असते, कोणी व्यसनातून कष्टाने बाहेर पडलेला असतो, कोणाची श्रद्धा आड येते, आणि कोणाला ते नुसते आवडत नाही. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला सर्वथा सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा नकाराला कारण मागण्याचाही अधिकार यजमानाला उरलेला नाही. शिवाय कायदा आहे. १९४९ चा मद्यनिषेध कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, पंचवीस वर्षांखालील व्यक्तीला तीव्र मद्य देता येत नाही, आणि वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत मद्यबंदी आहे. घरच्या बैठकीत महाविद्यालयीन मुले असतील तर त्यांच्या पेल्यात काय असावे याचे उत्तर कायद्याने आधीच दिलेले आहे. तो पेला कमी देखणा असावा, असे मात्र कोणत्याही कायद्यात म्हटलेले नाही.

किंबहुना मघाशी सांगितलेल्या सजावटीच्या साऱ्या युक्त्या मद्यावाचूनही साधतात. कोकमाचा पट्टा, गोकर्णीचा रंगबदल, छोल्यांच्या पाण्याचा फेस, काठावरचे मीठ-तिखट, पारदर्शक बर्फ, यांपैकी कशालाही मद्याची गरज नाही. सोलकढीचा गुलाबी रंग आणि त्यावरची कोथिंबीर यांची शोभा कोणत्याही कॉकटेलच्या तोडीची आहे. यजमानाने आधी मद्यविरहित पेय सर्वांसाठी सजवावे, आणि ज्यांना हवे त्यांच्या पेल्यात मोजून मद्य घालावे. तबकातील सारे पेले सारखे दिसतील. कोण पितो आणि कोण पीत नाही, हे ज्याचे त्याला ठाऊक राहील. मात्र पेल्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून मद्य असलेले पेले वेगळ्या तबकात ठेवून तसे सांगावे, हे ओघानेच आले.

पंक्तिप्रपंचाचा आणखी एक प्रकार दिवाणखान्यात दिसत नाही, कारण तो ओट्याजवळ घडतो. 'घरी केले म्हणून स्वस्त पडले' असे यजमान अभिमानाने सांगतो, तेव्हा त्या स्वस्ताईत कोणाची मजुरी धरलेली नसते? लिंबे कापणे, पाक करणे, काठ सजविणे आणि रात्री बारा वाजता दांडीचे नाजूक पेले एकेक करून हाताने धुणे, ही कामे बहुधा गृहिणीच्या वाट्याला येतात. पेल्यावरची वाहवा मात्र पाक ओतणाऱ्या पतिराजांच्या पदरी पडते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत घरातील अशा विनामोबदला सेवा धरल्या जात नाहीत. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया दिवसाचे सरासरी २९९ मिनिटे त्यांत घालवितात, आणि अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. आतिथ्याच्या नव्या हौसेने ही २९९ मिनिटे आणखी वाढणार असतील, तर पेल्यातील शोभेची किंमत चुकविणारी व्यक्ती बैठकीत बसलेलीच नाही, असे म्हणावे लागेल. ज्याची हौस त्याने पेले धुवावेत, एवढा साधा नियम पुरुषांनी स्वतःला लावून घेतला तर सजावट आपोआप बेताची होईल.

तेव्हा पेला देखणा असावा की नसावा, या वादात फारसे तथ्य नाही. तो देखणा असावा. डोळ्यांनाही पाहुणचार लागतो. पण त्याची शोभा हातच्या कसबाची असावी, म्हणजे पाहुण्याला परतफेडीची धास्ती वाटणार नाही. आत काय आहे ते त्याला सांगितलेले असावे, म्हणजे त्याला सुखरूप घरी जाता येईल. आणि ती शोभा पिणाऱ्याला व न पिणाऱ्याला, बैठकीतल्यांना व स्वयंपाकघरातल्यांना सारखी वाटून आलेली असावी. नेरूळच्या अरकाचे पंच ज्या एका पात्रातून वाढले जाई, ते पात्र आता परत येणार नाही. प्रत्येकाचा पेला वेगळाच राहणार. तबक फिरविताना शेवटच्या माणसापर्यंत तितक्याच अगत्याने जाणे मात्र अजूनही यजमानाच्या हाती आहे.